पोच

मार्केटच्या फाटकाशी टेबल टाकलंय.
त्यावर पत्र्याचा डबा, कार्बनची दोन पावतीपुस्तकं
आणि मी.
चौतीस वर्षं पोस्टात मनीऑर्डरी लिहिल्या,
अक्षर चांगलं, म्हणून मी.

दूर उत्तरेत जमीन हलली, त्याला आज सहावा दिवस.
माणसं थंडीत उघड्यावर आहेत म्हणे.
इथं नंदुरबारात पथारीवर मिरची वाळतेय,
नजर जाईल तिथवर लाल,
आणि वारा फिरला की अख्खं गाव एकदम शिंकतं.

झुंबरशेठ थांबतात, डब्याला टिचकी मारतात.
'आवाज बरा येतोय, पोस्टमास्तर.
मागच्या पुराच्या ब्लँकेटांचं काय झालं,
लिहिलंय का यात कुठं?'
चहावाला हसतो. हमाल हसतात.
कुणी म्हणतं, वरचे वर खातात.
कुणी म्हणतं, सरकार कशाला आहे मग.
एकानं दहाची नोट बाहेर काढली होती,
ती त्यानं हळूच पुन्हा खिशात घातली,
शेजाऱ्याचं बघून पोरं बरोबर आलेलं उत्तर पुसतात, तशी.

मी मान खाली घालून शिक्के मारत बसलो
कोऱ्या पावत्यांवर, नको तितके.

कारण त्या ब्लँकेटांतलं एक माझ्या घरी आहे.
राखाडी, निळ्या काठाचं.
गोदाम आवरताना कुणी म्हणालं, उरलीयत, न्या एकेक.
मी नेलं.
उरली होती की उरवली होती, विचारलं नाही.
तीन हिवाळे झाले. ऊब चांगली आहे त्याला,
हेच वाईट.

दुपारी देठ खुडणाऱ्या बाया सुटल्या.
मोगीबाई वळवी सरळ टेबलाशी आली,
पदराची गाठ दातांनी सोडली,
शंभराच्या दोन नोटा ठेवल्या. दिवसाची मजुरी असावी,
वर थोडे कालचे.
शेठ अजून तिथंच.
'मोगीबाई, हाई पोचनार नही. मधलाच खाई जातीन.'

'खातीन ना,' ती म्हणाली.
'शेठ, दहा किलो वली मिरची पथारीवर टाकतस,
वाळीसन किती भरस?'
'अडीच.'
'मंग टाकतस कसाले?'

शेठना शिंक आली. किंवा त्यांनी आणली.

मग माझ्याकडे वळून,
'लिख भाऊ. मनं पुरं नाव लिख.
आन् कोनले दिधं, ते बी लिख.'
'कोणाला लिहू?'
'तठली एखादी बाई. तिनं नाव माले काय माहीत.'
मी लिहिलं: तिथली एक बाई.
पोस्टात असतो तर
पत्ता अपुरा म्हणून परत केली असती.

संध्याकाळी घरी जाऊन ब्लँकेट काढलं.
बायको म्हणाली, 'अहो, वापरलेलं देताय?'
'हो,' म्हटलं, 'वापरलेलंच आहे.'
ती काही बोलली नाही, काठाचा एक सुटलेला दोरा
तेवढा दातांनी तोडून दिला.

पावती क्रमांक बेचाळीस.
तपशील: ब्लँकेट एक, वापर तीन हिवाळे.
देणाऱ्याचं नाव,
इथं पेन थांबलं जरा.
मग लिहिलं पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

रात्री डबा उघडला. अठरा हजार सातशे तीस.
फार नाहीत.
मोजताना चार वेळा शिंकलो;
एकेक नोट तिखट.

उद्या ट्रकबरोबर जाणाऱ्या पोरांच्या हाती देईन.
तिथून पुढं कुणाच्या, मला काय माहीत.
ज्याच्या ज्याच्या बोटांना लागेल तो शिंकेल,
खाणारा असला तर तोही.
आणि मग कुठल्याशा तंबूत, थंडीत,
एखादी बाई
उरलेली एक नोट पदरात बांधता बांधता
नाक चोळेल, डोळे पुसेल,
वास घेऊन बघेल पुन्हा एकदा
आणि म्हणेल, कुठनं आली ही?